पोटकलम नसलेले फादर

फादरांना कोणी साधं "कसे आहात?" असं विचारलं तरी ते लगेच उत्तर देत नसत. आधी छताकडे बघत, या प्रश्नाला कुठलं कलम लागू होतं ते आठवल्यासारखं करत आणि मग "ठीक" म्हणत. आमच्या अकोल्याच्या चर्चमध्ये त्यांना त्यांच्या नावानं ओळखणारे थोडेच होते. बाकी सगळ्यांचे ते कलमवाले फादर. ही पदवी आम्ही टिंगल म्हणून दिली होती. ती त्यांच्या कानावर गेली तेव्हा त्यांना ती बहुमानाची वाटली, यावरून माणूस ओळखावा.

ते राहायचे अमरावतीला आणि दर शनिवारी रेल्वेगाडीनं अकोल्याला यायचे. रोमला जाऊन त्यांनी धर्मकायद्यातली पदवी घेतली होती. कॅथलिक चर्चचा स्वतःचा एक कायदा आहे, त्यात सतराशे बावन्न कलमं आहेत, बाप्तिस्म्यापासून मयतीपर्यंत सगळ्याचे नियम त्यात आहेत, हे आम्हांला त्यांच्यामुळेच कळलं. तोवर आमचा समज असा की, जुने फादर सांगतील तो कायदा, आणि जुने फादर गरिबाला जमेल तेवढंच सांगायचे. कलमवाल्यांनी आल्या आल्या बारा शनिवारांचा वर्ग काढला: 'धर्मकायद्याची ओळख आणि व्यवहार'. प्रत्येकानं दोनशे पानी वही आणायची आणि ते सांगतील ते उतरवून घ्यायचं. मी चर्चच्या शाळेत क्लार्क होते, माझं मराठी टायपिंग चांगलं होतं, म्हणून मला पहिल्या बाकावर बसवलं होतं.

त्यांचा पांढरा झगा गळ्यापर्यंत बंद असायचा. मे महिन्यात अकोल्यात काय होतं ते अकोलेकरांना सांगायला नको. आम्ही पदरानं वारा घेत बसलेलो, आणि हे गृहस्थ वरचं बटणसुद्धा न काढता फळ्यापाशी घाम गाळत उभे. कोणीतरी म्हणालं, फादर, एक बटण तरी काढा. त्यांनी लगेच दोनशे चौऱ्याऐंशी हा आकडा फेकला: धर्मगुरूनं योग्य पोशाख करावा. मी पुढं कधीतरी ते कलम स्वतः वाचलं. त्यातच लिहिलं आहे की, पोशाख ठरवताना त्या त्या ठिकाणचा रिवाजही बघावा. म्हणजे अकोल्याचा मे महिना कायद्याला ठाऊक होता, फक्त फादरांना नव्हता.

शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याबद्दल ते एक अख्खा शनिवार बोलले. समोर बसलेल्यांत निम्म्यांच्या घरी मटण शिजायचं ते नाताळाला आणि जावई आला तर. एरवी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा. मागच्या बाकावरचे निवृत्त पोस्टमास्तर हळूच म्हणाले की, मंग आमचे तं सातही दिवस शुक्रवारच हायेत. आम्ही हसलो. फादर हसले नाहीत. त्यांनी पोस्टमास्तरांना 'हायेत' नव्हे, 'आहेत' असं सांगितलं आणि पुढं सुरू केलं.

ही दुसरी खोड. आमचं बोलणं त्यांना सोसत नसे. 'मले' म्हटलं की 'मला', 'काहून' म्हटलं की 'का', असं ते प्रत्येकाला मध्येच तोडून दुरुस्त करायचे. म्हातारी माणसं पापकबुलीला जायची तीसुद्धा तिथून व्याकरण सुधारून परत यायची. सहा वर्षं त्यांनी वऱ्हाडात काढली, पण इथली बोली शिकायची असते हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नाही. ती त्यांना भाषा वाटतच नव्हती, भाषेतली घाण वाटत होती.

रोजाबाईंची गोष्ट सांगितली पाहिजे. वय ऐंशीच्या पुढं, साखरेचा आजार, सकाळी गोळी घेतली की पोटात काहीतरी टाकावंच लागायचं. एका रविवारी त्या मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या आधी चर्चसमोरच्या टपरीवर चहात बिस्किट बुडवून खात होत्या. फादर त्या दिवशी मिस्सा करायला आलेले. त्यांनी ते पाहिलं. कम्युनियनच्या रांगेत रोजाबाई हात जोडून पुढं आल्या, तर त्यांनी प्रसादाचा हात त्यांच्यावरून पुढच्या माणसाकडं नेला. कम्युनियनआधी तासभर उपास हवा: कलम नऊशे एकोणीस. म्हातारी परत येऊन माझ्या शेजारी बसली आणि मला म्हणाली, "चाय पेली म्हनून देव रागावला का व?"

पुढच्या शनिवारी मी त्यांच्याच टेबलावरचं पुस्तक मागून घेतलं आणि नऊशे एकोणीस काढलं. त्याला तीन पोटकलमं आहेत. पहिल्यात उपास. तिसऱ्यात स्पष्ट लिहिलंय की, म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना हा नियम लागू नाही. मी बोट ठेवून त्यांना दाखवलं. त्यांनी वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "अपवाद शिकवायला लागलो तर नियम कोण पाळेल, बाई?"

तेव्हा मला हा माणूस कळला. त्यांना सतराशे बावन्न कलमं पाठ होती हे खरं, पण प्रत्येकाचं पहिलं पोटकलम तेवढं. कायदा करणाऱ्यांनी माणसाला बसायला थोडी जागा ठेवलेली असते ती दुसऱ्यात नाहीतर तिसऱ्यात, आणि तिथपर्यंत हे कधी पोचतच नसत. पोटात माया असावी लागते तेव्हा पोटकलम दिसतं, असं मी त्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. ते वाक्य मला फार आवडलं होतं. अजूनही आवडतं.

एक गोष्ट मात्र कबूल करते. माणूस लाच खाणारा नव्हता, कोणाच्या घरचा डबाही घेत नसे, स्टेशनवर गाडीसाठी स्वतःची स्टीलची पाण्याची बाटली घेऊन उभा राहायचा. लबाड असता तर मी त्याला लबाड म्हणून मोकळी झाले असते. प्रामाणिक होता म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो.

आता मार्थाबद्दल. मार्था आमच्याच चर्चमधली, दवाखान्यात आया होती. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न बापानं धारणीकडच्या एका ड्रायव्हरशी लावून दिलं होतं. सात महिन्यांत ती मार खाऊन परत आली. कोर्टातून घटस्फोट झाला, पण चर्चच्या लेखी घटस्फोट नसतो. चर्च फक्त एवढंच तपासू शकतं की, लग्नाच्या दिवशी ते लग्न खरोखर झालं होतं की नाही. मुलीला धाक घालून उभं केलेलं असेल तर ते लग्न झालंच नाही, असं अकराशे तिसरं कलम सांगतं. तसा निकाल लागला तरच तिला पुन्हा चर्चमध्ये लग्न करता येणार होतं. आणि तिला करायचं होतं. जठारपेठेत विल्सनचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. बायको वारलेली, चार वर्षांची पोरगी पदरात, स्वभावानं शांत माणूस. त्याचं मार्थावर आणि मार्थाचं त्या पोरीवर मन बसलं होतं. चर्चमध्ये लग्न झालं तरच सून म्हणून घरात घेईन, असं विल्सनच्या आईनं सांगितलेलं.

चर्चचं न्यायालय लांब. तिथले न्यायाधीश अकोल्याला येणार नव्हते. जबानी घेऊन पाठवायचं काम कलमवाल्या फादरांकडं आलं, आणि जबानी लिहून घ्यायला नोटरी म्हणून मला शपथ देण्यात आली. मार्थाचा बाप तोवर वारला होता, आई आधीच गेलेली, भाऊ बोलायला तयार नव्हते, आणि त्या ड्रायव्हरनं तर पत्राला उत्तरच दिलं नाही. म्हणजे सगळा खटला मार्थाच्या तोंडातून निघणाऱ्या शब्दांवर उभा होता.

शनिवारी दुपारी शाळेच्या ऑफिसात बसलो. मार्था दवाखान्याची साडी बदलून, केसांना तेल लावून आली होती. बायबलवर हात ठेवून तिनं शपथ घेतली. फादरांनी सुरुवातीलाच तिला बजावलं की, विचारलं तेवढंच सांगायचं. ती विहिरीचं काहीतरी सांगायला लागली, बाप विहिरीच्या काठावर जाऊन कसा उभा राहिला ते. फादरांनी तिला थांबवलं. विहिरीबद्दल प्रश्न नव्हता.

मग त्यांनी विचारलं की, सोयरीक जुळल्यापासून लग्नापर्यंत दोन महिने होते, तुम्ही सज्ञान होता, मग घर सोडून निघून का गेला नाहीत?

मार्था म्हणाली, "दोन महिने मी नाई म्हनूनच राहिली ना, फादर. बाप आयकूनच नाई राहिला."

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे 'जेवून राहिलो' म्हणजे जेवतो आहे. जेवलो आणि मग मुक्काम केला, असं नव्हे. 'नाही म्हणून राहिली' म्हणजे सारखी नाही म्हणत होती. दोन महिने ती नाही नाही म्हणत होती आणि बाप ऐकत नव्हता. अकराशे तीन कलमाला जे हवं होतं ते सगळं या दोन वाक्यांत होतं. याहून मोठा पुरावा तिच्याकडं नव्हता, आणि तो तिनं दिला होता.

फादरांनी छताकडे बघितलं आणि मला शुद्ध मराठीत सांगितलं: "लिहा. दोन महिने मी गेले नाही, म्हणून राहिले. हे ऐकून वडील मात्र तेथे राहिले नाहीत."

माझे हात थांबले. मी म्हटलं की, फादर, ती तसं म्हणत नाहीये. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "नोटरीनं टाइप करायचं असतं, बाई. अर्थ लावायचं काम माझं."

आणि मी टाइप केलं. हे वाक्य लिहायला मला जड जातंय, पण लिहिलं नाही तर मग फादरांत आणि माझ्यात फरक काय? मला नोकरी होती, समोर झगा होता, आणि लहानपणापासून झग्यासमोर गप्प बसायची सवय होती. शेवटी एवढंच विचारलं की, हे मार्थाला वाचून दाखवायचं ना? त्यांनी घड्याळ पाहिलं. गाडीला पाऊण तास होता. म्हणाले, शुद्ध भाषेत लिहिलंय, तिला काय कळणार आहे? कागदाच्या खाली छापील ओळ होती, 'जबानी वाचून दाखवली, बरोबर आहे.' त्याखाली मार्थानं सही केली, त्यांनी केली, मी केली.

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. कायद्याला कान नसतात, डोळे असतात. वर्गात ते हे वाक्य ठेक्यात म्हणायचे. मला ते तेव्हा भारी वाटायचं.

आठ महिन्यांनी निकाल आला. मधल्या काळात विल्सन दर आठवड्याला स्कूटर घेऊन ऑफिसच्या दारात यायचा आणि न उतरताच विचारायचा की, काही आलं काय ताई? निकालाचं पाकीट मीच उघडलं. लग्न वैध आहे. कारण मुलीच्याच जबानीनुसार तिला निघून जायची संधी होती, ती स्वतःहून राहिली, इतकंच काय, ते ऐकून वडीलही घरी थांबले नाहीत, मग धाक घातला कोणी? न्यायाधीशांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्यापुढं आलेल्या कागदाला कानच नव्हते. मार्था समोर बसली होती. तिनं विचारलं, "मी असं कधी म्हनलं ताई?" मला रडू आलं, आणि ते तिच्यासमोर आलं याची लाजही वाटली.

अपिलाला पंधरा दिवस होते. घरी येऊन मी ती दोनशे पानी वही काढली. सातव्या शनिवारचं पान. फादरांनी स्वतः सांगून उतरवून घेतलेलं, माझ्याच अक्षरात. कलम पंधराशे सदुसष्ट: साक्षीचे मुद्द्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. कलम पंधराशे एकोणसत्तर: लिहिलेलं साक्षीदाराला वाचून दाखवावं, आणि त्याला त्यात भर घालू द्यावी, खोडू द्यावं, दुरुस्त करू द्यावं. तेही पहिल्याच पोटकलमात! म्हणजे माझा सिद्धान्तही थोडा चुकला. त्यांना पहिली पोटकलमं पाठ होती, पण इतरांना लागू होणारी. स्वतःला बांधणारी नव्हेत.

शनिवारी मी ते पान त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी आपलेच शब्द वाचले. मी शांतपणे सांगितलं की, मी न्यायालयाला पत्र लिहिणार आहे, खरे शब्द काय होते आणि ते वाचून दाखवले नव्हते, दोन्ही. ते म्हणाले, "खाली तुमचीही सही आहे, बाई. खोट्यावर." खरं होतं ते. त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात खरं वाक्य. मी म्हटलं, हो, तेही लिहीन.

तेही लिहिलं. मला नोटरीच्या कामावरून काढलं. बेभरवशाची बाई, असा शेरा फादरांनी पाठवला होता म्हणे. क्लार्कची नोकरी कशीबशी राहिली. मार्थाच्या अपिलावर वरच्या न्यायालयानं जबानी पुन्हा घ्यायला लावली. या खेपेला दुसरे एक फादर आले, मेळघाटात राहिलेले. त्यांनी विहिरीचंही सगळं ऐकून घेतलं. पण कागद फिरायला दीड वर्ष लागलं. दीड वर्षात विल्सनची स्कूटर आधी पंधरा दिवसांनी यायला लागली, मग महिन्यानं, मग बंद झाली. पोरगी शाळेत घालायची होती, आईनं जीव खाल्ला होता. त्यानं परतवाड्याकडची मुलगी केली. जाण्याआधी तो मार्थाला सांगायला आला होता, तेवढा सरळ होता. मला त्याचा राग येत नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी निकाल आला. मार्थाचं ते लग्न कधी झालंच नव्हतं. मी तिला बोलावलं, पाकीट दिलं. तिनं ते मला परत दिलं आणि म्हणाली की, वाचून दाखवा. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं, मग तिच्या बोलीत पुन्हा सांगितलं. ती भिंतीकडे बघत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "हेच तं म्हनून राहिली होती मी." कागदाची घडी घालून तिनं पर्समध्ये ठेवली आणि ड्युटीवर गेली.

आता कोणी म्हणेल, फादरांना काही झालं असेल. झालं ना. बढती झाली. होतकरू फादरांना शिकवायला त्यांना मोठ्या सेमिनरीत बोलावलं, विषय 'धर्मकायद्याचा व्यवहारात वापर'. अकोल्यात त्यांचा निरोप समारंभ ठेवला. मानपत्र टाइप करायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मीच केलं. विशेषणं घाला, असं सांगितलं होतं. मी 'काटेकोर' एवढंच घातलं.

स्वयंपाकघरात पुऱ्या तळायला मार्था आली होती. मी तिला म्हटलं की, तुला यायची काय गरज होती? तर म्हणते, त्याईले काय माहीत आपली बोली, जाऊ द्या ना. तिच्या जागी मी असते तर तेलात हात बुडवला असता पण त्यांच्यासाठी पुरी तळली नसती. माझ्यात तेवढं पोटकलम नाही.

फादर बोलायला उभे राहिले. गळ्यापर्यंत बटणं, हातात ते पुस्तक. त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि सतराशे बावन्नावं कलम वाचलं. सगळ्या कायद्याचा शेवट इथं होतो, ते म्हणाले, आणि इथं लिहिलंय की, माणसांच्या आत्म्याचं तारण हाच चर्चमधला सर्वोच्च कायदा आहे. फार छान वाचलं. पोस्टमास्तरांनी डोळे पुसले. माणसाला एखादी गोष्ट इतकी सुंदर वाचता येते आणि तरी ती त्याला कळत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

हॉलमधला कूलर घरघरत होता, मागं नीट ऐकू येत नव्हतं. मार्था पिठाचे हात पुसत दारात माझ्याजवळ येऊन उभी राहिली. फादरांकडं बघत तिनं हळूच विचारलं, "काय म्हनून राहिले, ताई?"

"नेहमीचंच. नाई म्हनून राहिले," मी म्हटलं.